चहाच्या सुट्टीतली सिगरेट

“सगळ्यात अवघड कुठली?” दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं.

धाकट्याला प्रश्न कळला नाही. तो आपल्या चपलांकडे बघत बसला.

“म्हणजे बघा काका, दिवसभरातल्या सगळ्या सिगरेटी काही सारख्या नसतात. बऱ्याचशा नुसत्या हाताच्या सवयीच्या असतात, त्या सुटतात. एखादी मात्र अशी असते की ती सोडायची म्हटलं की पोटात गोळा येतो. ती आधी शोधायची. मग दिवस ठरवायचा, घरच्यांना सांगायचं आणि उपाय निवडायचा. कुणी एकदम सोडतं, कुणी कमी करत करत. कुणाला चघळायची गोळी लागू पडते, कुणाला दंडावरची पट्टी. आपल्याला कुठला उपाय मानवेल ते आपणच बघायचं.”

सिस्टर त्याच्या लेकीच्या वयाची होती, आणि लेकीसारखीच न रागावता दटावत होती. त्याचं दुखणं तिला ठाऊक होतं. प्रेसपासून घरापर्यंत चालताना त्याची पोटरी पिळवटून यायची, वाटेत थांबावं लागायचं. डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली होती, बराच वेळ शोधली होती, आणि मग सांगितलं होतं की रक्त खालपर्यंत पोचत नाही. सिगरेट चालू राहिली तर हा पाय राहणार नाही. बाइंडरचं काम उभ्यानं करायचं. पाय गेला तर काम गेलं, हे त्याला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

“सकाळची सोडेन,” तो म्हणाला. “जेवणानंतरचीही सोडेन. चहाच्या सुट्टीतली आहे एक. ती...”

“ती कुणाबरोबर ओढता?”

“भावाबरोबर.”

“मग सोपं आहे की. भावाला सांगून टाका, माझ्यासमोर ओढू नकोस म्हणून.”

“आम्ही बोलत नाही.”

सिस्टर हसली. “बोलत नाही, आणि रोज बरोबर सिगरेट ओढता?”

धाकटाही कसनुसं हसला. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायचं तर कुठून सुरुवात करायची?

प्रेसमध्ये त्या दोघांना नावानं कुणी हाक मारत नसे. छपाईच्या मशीनवर होता तो थोरला, बाइंडिंगला होता तो धाकटा. बाप गेल्यावर थोरल्यानंच धाकट्याला बोटाला धरून प्रेसमध्ये आणला होता. पहिली सिगरेटही त्यानंच दिली होती, मागच्या भिंतीशी, एकच दोघांत. “आईला कळलं तर माझं नाव सांगायचं नाही,” म्हणाला होता. आईला वासावरून त्याच संध्याकाळी कळलं, आणि दोघांना सारखाच मार बसला.

पुढे आई गेली. शेवटी ती थोरल्याकडे होती. ती गेली तेव्हा थोरला मशीनवर होता, काम अर्धवट टाकून त्याला येता आलं नव्हतं. माणसं जमलेली असताना धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, “तुझ्याकडे ठेवली म्हणून गेली ती.” थोरल्यानं ऐकलं, खाली मान घातली, आणि त्या दिवसापासून तो धाकट्याशी बोलला नाही. अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. जावाजावा तिच्यावरून बोलत, भाजी देतघेत, पोरांचे पराक्रम सांगत. भाऊ तेवढे आपापल्या दारातून खाली बघत कामावर जात.

पण दुखवट्यानंतर कामावर आले त्या पहिल्याच दिवशी, चहाच्या सुट्टीत, थोरला प्रेसच्या मागच्या भिंतीशी आला. मशीनचे शाईचे रूळ रॉकेलनं पुसावे लागत, त्यामुळे मशीनवाल्यांना काडेपेटी जवळ बाळगायची मनाई होती. काडी नेहमी धाकटाच द्यायचा. थोरल्यानं सिगरेट ओठांत धरली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धाकट्यानं न बोलता काडी ओढली, वाऱ्याला दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि पुढे धरली. थोरल्यानं मान वाकवून सिगरेट पेटवली. मग त्यानंही न बोलता पाकीट पुढे केलं.

तेव्हापासून तो दोघांचा नेमच झाला. सिगरेट थोरल्याची, काडी धाकट्याची. धाकट्याच्या खिशात स्वतःचं पाकीट असे, पण त्या भिंतीशी त्यानं ते कधी बाहेर काढलं नाही. शेजारी शेजारी उभं राहून दोघं एक एक सिगरेट ओढत आणि आत जात. थोरल्याला खोकला झालाय, त्यानं दाढी केलेली नाही, म्हणजे घरात काहीतरी आहे, हे सगळं धाकट्याला तिथंच कळायचं. एकदा स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी थोरल्यानं दुप्पट महागाची सिगरेट आणली होती. बातमी काय असेल ते धाकट्यानं पाकिटाकडे बघूनच ओळखलं.

हे सिस्टरला काय सांगणार? तो म्हणाला, “बघतो काहीतरी.”

“बघतो नाही काका,” सिस्टर म्हणाली. “भावाशी बोलणं होत नसेल तर त्या जागी जायचंच नाही. जागा सुटली की सिगरेट सुटते. हा उपाय मी खात्रीचा सांगते.”

त्याला तो उपाय नको होता. आधी बाकीचे करून बघितले. घरातली राखेची बशी बायकोनं आनंदानं फेकून दिली. सकाळची सुटली, जेवणानंतरची सुटली, गोळी चघळून चघळून जबडा दुखायला लागला. चहाच्या सुट्टीत मात्र तो निश्चय करून जायचा की आज फक्त काडी द्यायची, सिगरेट घ्यायची नाही. काडी द्यायचा. थोरला मान वाकवायचा, पेटवायचा, आणि पाकीट पुढे यायचं. ते पुढे आलेलं पाकीट परत पाठवायचं म्हणजे काय, ते त्याच्या हाताला बरोबर ठाऊक होतं. हात आपोआप पुढे जायचा. आणि त्या एकीच्या मागोमाग संध्याकाळपर्यंत आणखी चार यायच्या.

बायकोला म्हणाला, “तू वहिनीला सांग. म्हणावं, पायासाठी सोडतोय. दादाच्या कानावर घाल.”

बायको कपडे घडी करत होती. “मी नाही सांगायची,” ती म्हणाली. “जन्मभर आम्हीच काय भिंतीवरून निरोप द्यायचे? एक वाक्य आहे. तुमच्या तोंडानं सांगा.”

तिचं खरं होतं. बाइंडिंगच्या टेबलाशी पुस्तकं शिवताना तो ते वाक्य घोळवत राहिला. दादा, पाय जाणार आहे माझा, म्हणून मी यायचं बंद करतोय. एवढंच तर होतं. पण इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलायचं आणि ते ‘येणार नाही’ असं? त्याच्या आधी आईबद्दलचं ते वाक्य मागे घ्यायला नको का?

आठवडा संपत आला त्या दिवशी तो मनाचा हिय्या करून गेला. काडी दिली, सिगरेट घेतली, पण पेटवली नाही. थोरल्याच्या ते लक्षात आलं. त्यानं प्रथमच वळून सरळ धाकट्याच्या तोंडाकडे बघितलं. धाकट्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात वॉचमन हसत आला. “काय, आज उपास का? दोघं उभे असे राहता, जशी कुणी शिक्षाच केलीय,” म्हणाला. थोरल्यानं तोंड फिरवलं. धाकट्यानं सिगरेट पेटवली.

त्याच संध्याकाळी पाय इतका दुखला की त्याला वाटेत एका अनोळखी घराच्या पायरीवर बसावं लागलं.

पुढच्या सोमवारपासून त्यानं भिंतीशी जाणं बंद केलं.

उपाय खरोखरच खात्रीचा निघाला. तल्लफ यायची आणि टेबलाची कड घट्ट धरून ठेवली की ओसरायची. बाइंडिंगच्या खिडकीतून मागची भिंत दिसायची; तिकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. तरी एक दिवस नजर गेली. थोरला ओठांत न पेटवलेली सिगरेट धरून उभा होता, दाराकडे बघत. वॉचमननं आपली काडेपेटी पुढे केली. थोरल्यानं मान हलवली. सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग सिगरेट परत पाकिटात घातली आणि आत गेला.

धाकटा दारापर्यंत गेलासुद्धा. पण आत्ता गेलो तर ओढणार, हे त्याला दिसत होतं. आणखी थोडे दिवस, त्यानं स्वतःची समजूत घातली. हे अंगात मुरू दे. मग रिकाम्या हातानं जाऊन उभा राहीन आणि सगळंच बोलेन. आईचंसुद्धा.

दिवस गेले. पोटरीची कळ कमी झाली. डॉक्टरांना पावलावरची नाडी पटकन सापडली. सिस्टरनं शाबासकी दिली आणि विचारलं, “भाऊ काय म्हणाला?” तो म्हणाला, “सांगायचंय अजून.”

तो सांगायला जाणार, त्याच्या आधीच थोरला मशीनजवळ कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर धाकटा अंगणातल्या भिंतीला वळसा घालून त्या दारातून आत गेला. आई गेल्यानंतर प्रथमच. वहिनीनं पलंगाशी खुर्ची सरकवून दिली.

“सिगरेटमुळं झालं का, विचारत होते डॉक्टर,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी सांगितलं, यांनी तर केव्हाच सोडली. खरंच सोडली होती हो भावजी. ना गोळी, ना औषध. मी विचारलं, कशी काय सुटली एवढी जुनी सवय? तर म्हणाले, काडी देणारं कुणी राहिलं नाही.”

ती पदरानं डोळे पुसत आत गेली.

थोरल्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डोळे मात्र तेच होते. त्या डोळ्यांनी तो धाकट्याकडे बघत होता, आणि आता मधे कुणी वॉचमन येणार नव्हता.

“दादा,” धाकटा म्हणाला. हाक त्याच्याच कानाला परकी वाटली. “पाय जाणार होता माझा. म्हणून नाही आलो. तुला सांगायचं होतं.” मग तो म्हणाला, “आईचं जे बोललो ना मी, ते खोटं होतं. तेव्हाही खोटंच होतं.”

थोरल्याच्या घशातून नुसता वारा आल्यासारखा आवाज आला. ऐकू गेलं का, कळलं का, काही सांगता येईना. मग त्याचा डावा हात पांघरुणावरून थोडा उचलला गेला. अंगठा पहिल्या बोटाच्या कडेवर घासला गेला. एकदा. पुन्हा एकदा.

धाकटा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. “वहिनी, काडेपेटी द्या.”

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं शेगडीजवळची काडेपेटी उचलून त्याच्या हातात ठेवली.

त्यानं काडी ओढली. खिडक्या बंद होत्या, खोलीत वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी त्यानं दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि ज्योत पुढे धरली. थोरल्यानं उशीवरून मान जेमतेम उचलली आणि ज्योतीकडे वाकवली. ओठांत काही नव्हतं. दोघांच्या मधे ती काडी बोटांपर्यंत जळत आली.

ती विझल्यावर धाकट्यानं पेटीतून दुसरी काढली.