शाकाहारी ढबीचा सत्कार

कोल्हापूरची माणसं तोंडावर बोलतात, पोटात काही ठेवत नाहीत, असं सगळीकडे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत येऊन राहावं. इथं एक मांजर दर बुधवारी आणि रविवारी घरोघरी जाऊन मटण खात होती आणि तिच्या मालकाला हे सांगायची एकाचीही छाती झाली नाही. आणि यातली निम्मी माणसं रोज तालमीत जोर काढणारी.

मांजरीचं नाव ढबी. मालक शांतिनाथ अण्णा, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. कापडाचं दुकान मुलाकडे, केतनकडे दिल्यापासून अण्णांना दोनच कामं उरली होती. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायचं आणि उरलेला दिवस ढबीचं कौतुक सांगायचं. "जनावराला सुद्धा संस्कार लागतात," असं म्हणून ते सुरू करत. ढबी दूधभाकरी खायची, वरणभात खायची, कांदा-लसूण तिच्या वाटीला शिवायचा नाही. दिवस मावळला की तिची वाटी धुऊन पालथी, कारण त्या घरात रात्रीचं कुणी जेवत नाही. गळ्यात हुपरीहून मुद्दाम आणलेलं चांदीचं घुंगरू. गल्लीत नवा माणूस दिसला की अण्णा त्याला अडवून सांगायचे, "पावणं, ही आमची ढबी. आजपतोर उंदराकडं मान वर करून बघितलं न्हाय हिनं."

ते खरंच होतं. उंदराकडे बघायला तिला वेळ कुठं होता? अण्णांच्या घरातले दिवे शांत झाले की ढबी बाहेर पडायची. बुधवार-रविवार गल्लीत घराघरांत कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. ढबी आधी कोपऱ्यावरच्या अमरसिंहांकडे जायची, तिथं तिचं नाव राणी. मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. आमच्याकडे ती पैलवान. माझ्या सासूबाई, शालूबाई, पांढऱ्या रश्श्यातली एक नळी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. आमच्यात पोटच्या मुलाला नळी मागून मिळत नाही, हिला न मागता मिळायची. असं चार घरचं खाऊन ढबी गोल गरगरीत झाली होती आणि अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "दुधावर बघा कसं अंग धरलंय!"

माझं माहेर शिरोळचं. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना सरळ विचारलं होतं, की अण्णांना कुणी सांगत का नाही. सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या पोरीबद्दल असलं बोलतंय व्हय कोण?" शिवाय प्रश्न राजमती आक्कांचा होता, म्हणजे अण्णांच्या बायकोचा. सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सकाळी मुगाची खिचडी त्यांच्या घरून आली होती. आमच्या घरचं पाणीसुद्धा आक्का कधी प्यायल्या नाहीत, तो त्यांचा नियम. पण त्यांचा डबा आमच्याकडे आला नाही असा महिना जात नव्हता. अशा माणसांच्या मांजरीची चहाडी कोण करणार?

सगळं सुरळीत चाललं होतं. मग कुठल्याशा मंडळाने शाकाहार मेळावा ठरवला. अण्णांनी तिथं जाऊन ढबीची गोष्ट सांगितली. मंडळवाल्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ढबीचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ आणि फेटा. कोल्हापुरात फेट्याशिवाय सत्कार झाला असं कुणी मानत नाही, त्यामुळे मांजरीच्या मापाचा फेटा बांधून देणारासुद्धा लगेच मिळाला. अण्णांनी बोलण्याच्या भरात ढबी ब्रह्मचारिणी असल्याचंही सांगून टाकलं.

सत्काराच्या आधी तिला बाहेरचं वारं लागू नये म्हणून अण्णांनी गॅलरीला जाळी मारून घेतली. दिवसभर ढबी जाळीला नाक लावून बसली. रविवार होता. संध्याकाळी गल्लीत फोडणीचा वास सुटला, दूधवाला आला, दार उघडलं आणि ढबी त्याच्या पायांमधून निघून गेली.

ती आली थेट आमच्या पोटमाळ्यावर. तिथं वाकळांचा, म्हणजे जुन्या गोधड्यांचा गठ्ठा आहे, त्यात शिरली आणि रात्रीतून तिला तीन पिल्लं झाली. दुधावर धरलेलं अंग ते हे.

"आता काय करायचं?" मी सासूबाईंना विचारलं.

"काय न्हाय. पिल्लांचं डोळं उघडंस्तवर हात लावायचा न्हाय. मांजर पिल्लांना सात घरं फिरवती. तिचं ती घेऊन जाईल त्यांच्या दारात. आपण न्हाय बघितली आणि आपल्याला न्हाय ठावं."

सोमवारी सकाळी अण्णा मोबाइलवर ढबीचा फोटो घेऊन दारोदार निघाले. गल्लीने ढबीला ओळखायलाच नकार दिला. ओळखतो म्हटलं की कुठून ओळखता, हे ओघाने आलंच. अमरसिंहांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि विचारलं, "ही मांजर हाय व्हय? मला वाटलं ससा." ज्या हाताने तिला रविवारची कलेजी घातली, तोच हात होता.

आमच्या दारात आले तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. मी मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

"शालूबाई, तुमच्याकडं न्हाय न्हवं आली ढबी?"

"आमच्याकडं? ती कशाला येतीया, अण्णा? आमच्यात तिच्या खाण्याजोगं काय असतंय?"

"ते बी खरं हाय म्हणा."

नेमकं तेव्हाच माळ्यावर घुंगरू वाजलं. अण्णांनी मान वर केली. सासूबाई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "पैंजण वाजवत काय उभी हाईस? चहा टाक की!"

अण्णा आमच्याकडे चहा पीत नाहीत आणि माझ्या पायांत पैंजण नव्हते. मी आत जाऊन कपाटातले लग्नातले पैंजण पायांत अडकवले आणि ओट्यापुढे येरझाऱ्या घालायला लागले. वर ढबी हलली की खाली मी हलायची. अण्णा जाताना सासूबाईंना म्हणाले, "गुणाची हाय तुमची सून. घरात पैंजण घालत्यात कुठं आता पोरी?"

दुपारपर्यंत तालमीच्या पोरांनी चौकात डिजिटल बोर्ड लावला. आमच्याकडे बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्याला बोर्ड लागतो. मधोमध तालमीचा अध्यक्ष धैर्यशील, काळा गॉगल लावून, फोन कानाला. भोवती कार्यकर्ते. 'ढबी हरवली आहे' ही अक्षरं त्यांच्या गुडघ्याखाली आणि ढबी खालच्या कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढी. येणारीजाणारी माणसं धैर्यशीलला काय झालं म्हणून विचारू लागली. तरी बोर्ड वाचून पेठ वडगावचा एक जण पिशवीतून पांढरी मांजर घेऊन आलाच. अण्णांनी तिला अंगणात सोडलं. तेवढ्यात मासेवाली ओरडत गेली आणि मांजरीने मान वळवली.

"न्हवं," अण्णा म्हणाले. "आमच्या ढबीनं तिकडं बघितलंच नसतं."

सगळ्या गल्लीने मान डोलावली. आमच्या गल्लीची मान डोलवण्यात हयात गेली आहे.

बुधवारी दुपारी मी आक्कांचा डबा परत करायला गेले. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता, रिकामा देऊ नये म्हणून मी त्यात साखर घातली होती. आक्का कॉटवर पडून होत्या. मला बघून उठायला गेल्या आणि भिंत धरून परत खाली बसल्या. त्यांना साखरेचं दुखणं आहे, वेळेवर खावं लागतं, हे सगळ्या गल्लीला माहीत.

"आक्का, जेवला न्हाय तुम्ही?"

"नियम घेतलाय, संयोगिता. जिवंत असूं दे न्हायतर मेलेली, ढबी डोळ्यांनी बघंस्तवर अन्न न्हाय. सोमवारपासनं नुसत्या गरम पाण्यावर हाय."

"असं कशाला? मांजर ते, येईल की फिरून."

"आता कुठली येती?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुझी सासू न्हाय म्हणाली न्हवं? अण्णांनी घरात येऊन सांगितलं, शालूबाईंनी बी बघितली न्हाय. तवाच समजले मी. रविवारची ती दुसरीकडं कुठं जाती? तुमच्यात बी आली न्हाय म्हंजे गाडीखाली गेली."

मी कॉटजवळ सरकले.

"तुम्हाला ठाऊक हुतं, आक्का?"

"मग तिच्या मिशा कोण पुसत हुतं? अण्णा व्हय?" आक्का थोडं हसल्या. "मिशांना तुमचा पांढरा रस्सा लागलेला असायचा. ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग अण्णांच्या शेजारी सोडायची. त्यांना किती अभिमान तिचा!"

म्हणजे आम्ही अख्खी गल्ली अण्णांना जपत होतो आणि अण्णांच्या घरातही तेच चाललं होतं. आणि आमच्या एका सभ्य थापेवर ही बाई सोमवारपासून उपाशी होती. मला फार लाज वाटली. सासूबाईंचा रागही आला, पण पैंजण तर मीच वाजवले होते.

"आक्का," मी म्हणाले, "ढबी आमच्या माळ्यावर हाय. बाळंत झालीया."

त्या रागावल्या नाहीत, काही विचारलंही नाही. चपला न घालता निघाल्या. मी डबा तसाच हातात धरून त्यांच्यामागे धावले.

आमच्याकडे बुधवारचं मटण शिजत होतं. सासूबाईंच्या हातातला कांदा हातातच राहिला. आक्का कुणाकडे न बघता शिडी चढल्या, मी मागून कमरेला धरून. वर वाकळेवर ढबी आडवी, पोटाशी पिल्लं, तोंडात नळी. आक्कांना बघून तिने नळी टाकली आणि त्यांच्या हाताला डोकं घासायला लागली. आक्का मोठ्याने रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

खाली उतरताना शेवटच्या पायरीवर त्यांना घाम फुटला आणि त्या मटकन बसल्या. सासूबाई तांब्या घेऊन धावल्या आणि मध्येच थबकल्या. आमचं पाणी त्यांना चालत नाही.

"मी तुमच्या घरातनं आणते," मी म्हणाले.

"कशाला?" आक्का म्हणाल्या. "उकळून दे हितलंच. आणि ती साखर आण हिकडं."

त्यांनी डब्यातली साखर मुठीने तोंडात टाकली. मग आमच्या चुलीवर उकळलेलं, आमच्या भांड्यातलं पाणी फुंकर घालत प्यायल्या. शेजारी मटण शिजत होतं. सासूबाई फरशीवर बसून रडायला लागल्या, त्यांची समजूतही आक्कांनीच काढली.

तोवर बातमी पोहोचून अण्णा आले. त्यांच्यामागे निम्मी गल्ली आमच्या दारात. अण्णा शिडी चढले. वरून फक्त ढबीने हाड फोडल्याचा आवाज येत राहिला. मग ते सावकाश उतरले, हात झटकले.

"ही आमची न्हवं," म्हणाले.

मग स्वतःच कारणं द्यायला लागले.

"घुंगरू तसलंच हाय. पण ती हुपरीत ढिगानं मिळत्यात. आमची ढबी असलं तोंडात धरंल व्हय? आणि पिल्लं? छ्या! न्हवं."

दारातल्या गल्लीने सवयीने मान डोलावली. अण्णा आक्कांकडे वळले. आक्कांच्या हातातलं भांडं आणि पुढ्यातला साखरेचा डबा त्यांनी बघितला. "मग तुझा नियम? मोडलास व्हय गं?"

"पुरा झाला," आक्का म्हणाल्या. "माझी ढबी मला घावली. तुमची तुम्ही शोधा."

सत्कार झाला. ढबी नव्हती म्हणून खुर्चीवर तिचा फोटो ठेवला, फोटोला शाल पांघरली, फेटा अडकवला आणि हार घातला. हार बघून मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. अण्णांनी भाषण केलं, पण ते छोटं झालं. एरवी ढबीवर त्यांना तासभर पुरत नाही. बोर्ड अजून चौकात आहे, धैर्यशील उतरवू देत नाही.

आक्का रोज दुपारी आमच्याकडे येतात, माळ्यावर बसतात आणि जाताना पाणी पितात. अण्णांनी मात्र आमच्या दाराकडे बघायचं सोडलं. परवा संध्याकाळी ऊन कलताना फाटक वाजलं. अण्णा हातात झाकलेली लोटी घेऊन उभे.

"सूनबाई, तुमच्या त्या मांजरीला," ते म्हणाले आणि थांबले. "बाळंतीण हाय. दूध कोमट करून घाला."

"व्हय, अण्णा."

"आणि दिवस मावळायच्या आत घाला."

तेवढ्यात वर घुंगरू वाजलं. अण्णांनी माझ्या पायांकडे बघितलं. पाय उघडे होते, पैंजण नव्हते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पैंजण चांगलं हाय तुझं. घालत जा." आणि लोटी माझ्या हातात देऊन घराकडे वळले.