मानाची खुर्ची आणि दोन इंजिनं

माणसाकडे पैसा आला की तो आधी कवळी बदलतो, मग घर बदलतो, मग गाडी. जयसिंगाचे दात धड होते, म्हणून त्यानं सरळ घरापासून सुरुवात केली. नगर रस्त्याच्या पलीकडचं त्यांचं गाव महापालिकेत गेलं, ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि कॉम्प्युटरवाली पोरं गळ्यात पट्टे अडकवून त्याच्या बांधावरनं कॉफी पीत फिरायला लागली. मग बंगला झाला, स्कॉर्पिओ झाली. भावकीत सगळ्यांकडेच बंगला आणि स्कॉर्पिओ झाल्यावर मात्र पुढं काय, असा प्रश्न पडला. कुणी बैल पाळले, कुणी नगरसेवक व्हायला निघाले. जयसिंगानं विमान घेतलं.

साधंसुधं नाही हं. दोन इंजिनांचं, सहा खुर्च्यांचं, अमेरिकन बनावटीचं, पंख्याच्या विमानांत वेगाला नावाजलेलं. आधी दोन वर्षं घाम गाळून तो ते चालवायला शिकला, परीक्षा दिल्या, लायसन्स काढलं. हे खरं कौतुकाचं, पण त्याचं कौतुक कुणी केलं नाही. विमान कोल्हापूरला जितक्या वेळात पोचायचं, त्याहून जास्त वेळ जयसिंगाला बंगल्यापासून लोहगाव विमानतळापर्यंत पोचायला लागायचा. चौकात स्कॉर्पिओ अडकली की शेजारचा रिक्षावाला विचारायचा, "काय दादा, विमान असतं तर बरं झालं असतं, न्हाय का?" जयसिंग काच वर करायचा.

पण विमान घेतलं ते भावकीसाठी नाही. ते घेतलं महिपती मामांसाठी.

जयसिंगाचा बाप तो लहान असतानाच गेला. शिरूरकडच्या या मामांनी त्याला वाढवलं, शिकवलं, बोहल्यावर उभं केलं. आणि त्यानं रान विकलं तेव्हा याच मामांनी भर पंगतीत ताट सारलं आणि म्हणाले, "आईला इकून खाणाऱ्याच्या घरचं पाणीबी नको." तेव्हापासून मामांनी बंगल्याचा उंबरा ओलांडला नव्हता. लग्नपत्रिका पाठवल्या, गाडी पाठवली, बायकोला, मैनाला, मामींच्या पाया पडायला पाठवलं. मामा ढिम्म. मग कुणीतरी येऊन सांगितलं की मामा पारावर म्हणत होते, "इमानात बसवायचा असंल तर इचार करू." झालं! जयसिंगाला आभाळ ठेंगणं झालं. मामांना विमानात घालून जोतिबाला न्यायचं, देवदर्शन करून आणायचं आणि विमानतळावरून थेट बंगल्यावर, पुरणपोळीच्या पाटावर. दिवसभरात मामांच्या कपाळावर एक आठी पडता कामा नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

बेत चौघांचा होता. जयसिंग, मामा, मामी आणि जयसिंगाची लेक ऋतुजा. ती इंजिनियरिंगला होती, आणि बापाच्या मागोमाग तीही उडायला शिकत होती. नियमाप्रमाणे तिनं बापाशेजारी पुढं बसायचं, नकाशा बघायचा, रेडिओ ऐकायचा. पण मामा विमानाजवळ आले, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मानाची जागा कोणची?" ऋतुजानं मुकाट्यानं आपला हेडफोन उचलला आणि मागं, बापाच्या पाठीशी जाऊन बसली.

तेवढ्यात विमानतळाच्या दारात जयसिंगाचे चुलते रंगराव आबा हजर. नवं धोतर, डोक्यावर फेटा, हातात नारळ. "मामाला इमान आन् चुलता वाऱ्यावर? बरं हाय. मी आपला आलो वाटंला लावायला." आता वाटेला लावायला आलेला माणूस फेटा बांधून येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जयसिंग म्हणाला, "आबा, तुमच्याबिगर कसं जायचं? बसा की."

हे सगळं बाजूला उभं राहून कॅप्टन श्रीधर परचुरे बघत होते. जयसिंगाला त्यांनीच शिकवलं होतं. नारायण पेठेतला माणूस. शब्द मोजून वापरायचा आणि त्यातले निम्मे बोचायचे. त्यांनी जयसिंगाच्या हातातला वजनांचा कागद घेतला.

"आपल्या मामांचं वजन ऐंशी किलो?"

"हो, असंल तेवढं."

परचुऱ्यांनी चष्म्यावरून मामांकडे नीट पाहिलं. "कुठपर्यंत? कमरेपर्यंत का?"

"सर, हळू बोला."

"तिथे सामानाचा काटा आहे. उभं करा त्यांना त्याच्यावर. दोन मिनिटांचं काम आहे."

मामांना काट्यावर? काय कांद्याची गोण आहेत का मामा? आमच्याकडं पाहुण्याला काय आवडतं ते विचारतात, किती वाढू ते विचारतात, पण त्याचं वजन करत नाहीत. तेही मामाचं. बोला आता!

"सर, सहा खुर्च्या आहेत आणि माणसं पाच," तो म्हणाला.

"घरात चार पलंग आहेत म्हणून आपण आल्यागेल्याला मुक्कामाला ठेवून घेता का? सहा खुर्च्या, भरलेल्या टाक्या आणि हे आपले सगळे मान्यवर, असं तिन्ही एका वेळी उचलणार नाही ते. माणूस उतरवा, नाहीतर पेट्रोल उतरवा. आणि पेट्रोल उतरवलंत, तर परत रस्त्यानं या. कोल्हापुरात आपल्या विमानाचं पेट्रोल मिळत नाही."

माणूस उतरवायचा म्हणजे कोण? मामा तर देव. मामींना उतरवलं तर मामा उतरणार. आबांना उतरवलं तर दिवाळीपर्यंत भावकीत तोंड दाखवायची सोय नाही. ऋतुजाला उतरवून भागण्यासारखं नव्हतं. ती पोरगी मामांच्या एका मांडीएवढी. शेवटी जयसिंग ओठ चाटत म्हणाला, "पेट्रोल काढूया सर. कोल्हापुरात बॅरल मागवून ठेवलंय मी."

बॅरल कसलं न् काय कसलं! धादांत खोटं. पण परचुऱ्यांना वाटलं, जाणता माणूस आहे, स्वतःची पोर घेऊन बसतोय, एवढ्या बाबतीत खोटं कशाला बोलेल? त्यांनी मान हलवली. जयसिंगानं मेकॅनिकला सांगून टाक्यांतलं पेट्रोल काढलं. मनातल्या मनात हिशेब केला: जाण्यापुरतं आहे, येण्यापुरतं आहे. वर अडीअडचणीला जे लागतं ते मात्र मामांच्या मानाला वाहिलं.

जाताना काय थाट! कात्रजचा घाट पायाखालून गेला, नीरेचा पट्टा चमकला, साताऱ्याचा किल्ला उजवीकडे येतो न येतो तोवर मागं पडला. एस. टी.नं हाडं खिळखिळी करून ज्या वाटेनं मामा जन्मभर गेले, ती वाट खाली दोऱ्यासारखी पडलेली. मामा काचेला नाक लावून बसले होते. एकदा ते वळले, जयसिंगाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता परत बाहेर बघायला लागले. जयसिंगाचे डोळे भरून आले. विमान चालवताना डोळे भरून येणं बरं नव्हे, पण आले.

जोतिबाचं दर्शन झालं, गुलाल लागला. परत विमानाशी आल्यावर ऋतुजानं विचारलं, "पप्पा, फ्युएल कुठंय? बॅरल येणार होतं ना?"

"लागत नाही. वारा पाठीमागून आहे."

"पप्पा, तुम्ही सरांना सांगितलं होतं—"

"मामा उन्हात उभे आहेत, ऋतुजा. बस आत."

ती बसली. पण पुढं अख्ख्या प्रवासात तिनं खाली एकदाही पाहिलं नाही. बापाच्या खांद्यावरून ती पेट्रोलच्या दोन काट्यांकडे बघत होती. दोन इंजिनांचं विमान म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं असतं, असं लोक म्हणतात. पेट्रोल संपलं तर दोन्हीही सारखीच, हे कुणी म्हणत नाही.

पुण्यावर आले तेव्हा धावपट्टीवर गर्दी होती. आधी लढाऊ विमानं उतरत होती, त्यांच्यामागे दिल्लीचं प्रवासी विमान. रेडिओवरून सांगितलं, थांबा, वर घिरट्या घाला. जयसिंगानं एक घिरटी घातली. खाली त्याचंच रान होतं, म्हणजे आता काचेच्या इमारती.

"ते बघा मामा, तिथं आपली विहीर होती."

"गोल गोल का फिरतुयास?"

"तुम्हाला दाखवायला," जयसिंग म्हणाला. दुसरी घिरटी झाली. मामींनी मागून पेढा पुढं पाठवला. काटे आता तळाशी टेकल्यासारखे दिसत होते.

"पप्पा, सांगा त्यांना." ऋतुजाचा आवाज हेडफोनमधून आला. "फ्युएल संपत आलंय म्हणून सांगा."

"होईल, होईल. एवढी एक घिरटी."

"चौकशी होईल म्हणून घाबरताय?"

हो, त्यालाच घाबरत होता. आग विझवायच्या गाड्या येणार, परचुरे येणार, वरून लायसन्सचं काय होईल ते वेगळंच, आणि मामा सगळं बघणार. ऋतुजा पुढं वाकली. तिची बोटं बापाच्या खांद्यात रुतली. "पप्पा, मला मरायचं नाहीये. बोला. नाहीतर तो माईक मला द्या."

तेव्हा कुठं जयसिंगाच्या अंगात आलेली मानाची भुतं उतरली. त्यानं रेडिओवर इंग्रजीत सांगून टाकलं, की पेट्रोल संपत आलंय, ताबडतोब उतरू द्या. मग धडाधड हुकूम सुटले. दिल्लीच्या विमानाला वर थांबवलं. जयसिंगाला वाट मोकळी.

"काय म्हनत्यात?" मामांनी विचारलं.

"दिल्लीच्या विमानाला थांबायला सांगितलंय. आधी आपण."

मामांची छाती फुगली. "दिल्लीला थांबिवलं? आपल्यासाठी?"

चाकं टेकली. दोन्ही बाजूंनी लाल गाड्या दिवे लावून पळत होत्या, आणि मामा आतून त्यांना हात हलवत होते. धावपट्टीवरून बाजूला वळताना डावं इंजिन दोनदा खोकलं आणि आपसूक बंद पडलं. मामा म्हणाले, "काय मऊ बंद केलंस रे!"

खाली उतरल्यावर मामांनी सगळ्यांसमोर जयसिंगाला छातीशी धरलं. "आबा, बघितलंसा? दिल्ली थांबली, सलामीला लाल गाड्या आल्या! रान इकलं तवा मी ह्याला नाय नाय ते बोललो. चुकलो. चल पोरा, तुझ्या घरी जेवायला." इतक्या वर्षांनी कान ज्या शब्दांसाठी तरसले होते, ते शब्द आले होते. जयसिंगाला रडावं की पळून जावं तेच समजेना.

तेवढ्यात परचुरे आले. शांतपणे आले, म्हणजे किती संतापले असतील ते समजा.

"अभिनंदन," ते म्हणाले. "पेट्रोलशिवाय विमान उडवण्याचा आपला प्रयोग थोडक्यात हुकला. उद्या माझ्याकडे या, आणि येताना लायसन्स घेऊन या. माणसांचा भार जास्त झाला म्हणून पेट्रोल काढलंत, कोल्हापुरात भरणार होतात. ते बॅरल प्यायलं कोण?"

मामांचा हात जयसिंगाच्या पाठीवरून खाली आला. "भार जास्त झाला? कुनाचा?"

आबांनी लाल गाड्यांकडे तोंड फिरवलं.

"आपन मरनार हुतो, हे ऱ्हाऊ दे बाजूला. मरन कुनाला चुकलंय? पन माझ्या भारापायी झालं, असं म्हनायचं हाय का तुला? पावन्याला बोलवून त्याचं वजन काढलंस, जयसिंगा?" कपाळावर आठी पडली. एक, मग दुसरी. मामांनी पायताण सावरलं.

"नाही मामा! तुमच्यापायी कसं होईल?"

"मग कुनापायी?"

जयसिंगानं आबांकडे पाहिलं. आबांनी फेटा सारखा केला. मामींकडे पाहिलं. मामींनी पदर ओढून घेतला. मग त्याची नजर फिरत फिरत विमानाच्या पंखाला टेकून उभ्या असलेल्या ऋतुजावर आली.

"ऋतुजापायी," जयसिंग म्हणाला. "आम्ही ठरवलं होतं मोठ्या माणसांचंच. ही आयत्या वेळी हट्ट करून बसली. म्हणून जास्त झालं."

मामांनी त्या काडीसारख्या पोरीकडे पाहिलं. खरं तर कुणालाही हसू आलं असतं. पण मामांना ते पटलं, कारण त्यांना ते पटायला हवं होतं. आठ्या गेल्या. "आता गं!" ते म्हणाले. "पोरीबाळींनी कशाला मधी मधी करावं? थोडक्यात वाचलो की!" आबा हसले, मामी हसल्या. परचुरे मात्र हसले नाहीत. त्यांनी ऋतुजाकडे एकदा पाहिलं, जयसिंगाकडे एकदा पाहिलं, आणि वजनांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

स्कॉर्पिओत मामा पुढं बसले. घरी मैनाचा तवा तापलेला होता, दोनदा फोन येऊन गेला होता. जयसिंग परत ऋतुजापाशी आला आणि हळूच म्हणाला, "तेवढं पोटात घाल गं. मामांचा स्वभाव तुला माहीत आहे."

"पप्पा, मी उतरले असते," ती म्हणाली. "सकाळीच. तुम्ही नुसतं विचारलं असतं ना, मी रुसले नसते."

जयसिंगानं तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. पण गाडीतून मामांनी हाक मारली, "जयसिंगा, पोळी निवंल!" आणि जयसिंग गेला. ऋतुजा रिक्षाने येते म्हणाली. तिच्याकडे बघून मामी आबांना म्हणाल्या, "पोरीची जात, रुसली असंल. ऱ्हाईल घटकाभर आन् येईल आपसूक." आबा म्हणाले, येईल की. तिला मनवायला खाली कुणी उतरलं नाही.