उजेड कुणी धरला?

मिस्त्रींच्या झोपेचा सगळ्यांत मोठा फटका बसला तो त्यांच्या बायकोच्या मनगटाला. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून मिस्त्री दमूनभागून आडवे व्हायचे, डाव्या कुशीवर वळायचे, एक हात उशीखाली सारायचे, आणि डोळा लागला की दुसरा हात शेजारी चाचपडत जायचा. मनगट सापडलं की ते मुठीत धरून असं काही पिळायचे की ती बिचारी किंचाळून उठायची. त्यावर मिस्त्री झोपेतच विचारायचे, "बसला का घट्ट?"

बायको शाळेत पहिलीला शिकवायची, म्हणून साऱ्या गल्लीला ती 'बाई'. बाईंनी हे आधी हसण्यावारी नेलं, मग दोघांच्या मध्ये जाडजूड उशी ठेवली. मिस्त्रींनी आठवड्याभरात तिचाही कापूस बाहेर काढला.

हे सगळं सुरू झालं दादा गेल्यापासून. दादा म्हणजे मिस्त्रींचा थोरला भाऊ. वीस वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. मिस्त्रींनी पाना फिरवायचा आणि दादाने बॅटरी धरायची. लोकांना वाटायचं, बॅटरी धरायला काय अक्कल लागते? लागते. पाना पोचायच्या आत उजेड तिथे पोचावा लागतो. सव्वा वर्षापूर्वी हा दादा जेवूनखाऊन झोपला तो सकाळी उठलाच नाही. "भाग्यवान, झोपेत गेला," असं जो तो म्हणाला, आणि ज्याला त्याला मिस्त्रींनी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तेव्हापासून त्यांना पाठ टेकायचीच धास्ती. इकडची कूस तिकडे, उठून पाणी पी, खिडकी उघड, खिडकी लाव. उजाडता उजाडता कुठे डोळा लागायचा, आणि लागला की स्वप्नात काम सुरू. राक्षस नाही, पूर नाही, कड्यावरून पडणंही नाही. नुसता नट, पाना आणि ग्रीसचा वास. त्यात नीट पाहावं असं काही असेल, हे मिस्त्रींच्या डोक्यातच आलं नाही.

घोटाळा व्हायचा तो जागं झाल्यावर. कालचा नट आपण जागेपणी आवळला की झोपेत, हेच कळेना. त्यांच्याकडे एका पाच मजली वृद्धाश्रमाच्या लिफ्टचं काम होतं. तिथे शंका आली म्हणून ते तोंडही न धुता चार वेळा धावत गेले, लिफ्ट बंद करायला लावली, आणि चारही वेळा सगळं जिथल्या तिथे होतं. वॉचमनला आयतीच करमणूक झाली. मॅनेजर मात्र म्हणाला, "मिस्त्री, आता पाचव्यांदा असं झालं तर मी दुसरा माणूस बघतो."

मिस्त्रींनी कानाला खडा लावला. नट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ आठवली म्हणजे काम झालं, शंकाकुशंका बंद. दोन आठवडे बरे गेले. स्वप्नंही बघून बघून शिकतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या रविवारी सकाळी सातला मिस्त्री चहा घेत बसले होते, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच खुशीत होते. आदल्या दिवशी त्याच वृद्धाश्रमाच्या लिफ्टचा ब्रेक त्यांनी नव्याने बसवला होता. मोटर थांबली की लिफ्टला जागच्या जागी धरून ठेवतो तो हा ब्रेक. त्याच्या स्प्रिंगवर एक नट असतो, आणि तो सैल पडू नये म्हणून त्याच्यावर दुसरा, चेक-नट.

"दोन्ही आवळले," मिस्त्री म्हणाले. "रेघ अजून डोळ्यांसमोर आहे. ओला पिवळा रंग, कसा चमकत होता."

बाई मुलांच्या वह्या तपासत होत्या. "चमकत कसा होता? तिथला बल्ब उडालाय म्हणालात ना?"

"अगं, बॅटरीच्या उजेडात."

"एका हातात पाना."

"हो."

"दुसऱ्या हातात ब्रश."

"हो गं बाई, हो."

पहिलीच्या पोरांकडून खरं काढून घ्यायची त्यांची ही नेहमीचीच रीत. वहीतून मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग उजेड कुणी धरला?"

"दादानं, आणखी कुणी?" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

मग कप खाली ठेवला. बाईंचा लाल पेन वहीवर तसाच थांबला.

मिस्त्री उठले. कालची पॅंट खुंटीला होती. त्यांनी खिशात हात घालून बाहेर काढला. हातात चेक-नट होता.

मग सगळं आठवलं. पहिला नट त्यांनी संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात आवळला होता. तेवढ्यात मॅनेजरने सहीला खाली बोलावलं. चेक-नट खिशात टाकून, पिशवी उचलून ते जिना उतरले, सही केली आणि तसेच घरी आले. राहिलेलं काम त्यांनी झोपेत पुरं केलं होतं.

त्यांनी वॉचमनला फोन लावला.

"काय मिस्त्री, झोप झाली वाटतं?"

"हस नंतर. आधी मेन स्विच पाड. आत कोण आहे?"

"आत्ता कुणी नाही. पण न्याहारीची वेळ झाली ना, तिसऱ्या मजल्यावर रांग लागलीय."

"एकालाही आत सोडू नकोस."

ते पोचले तेव्हा वीस-पंचवीस म्हातारी माणसं कठडा धरून एकेक पायरी उतरत होती आणि मिस्त्रींचा यथेच्छ उद्धार करत होती. मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याकडे न बघता मिस्त्री वॉचमनला घेऊन वर, सकाळी अंधारीच असणाऱ्या मोटरच्या खोलीत गेले.

नट दोन आटे सैल झाला होता. मिस्त्रींनी पिशवीतून पाना काढला.

वॉचमनने बॅटरी लावली ती थेट त्यांच्या डोळ्यांत.

"तोंडावर नको रे, नटावर."

"इथे?"

"डावीकडे. अरे, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे."

उजेड प्रत्येक वेळी उशिरा यायचा. तोवर मिस्त्री पाना हवेत धरून थांबायचे. वीस वर्षांत त्यांना असं कधी थांबावं लागलं नव्हतं. दादा गेलाय हे त्यांना सव्वा वर्षापासून माहीत होतं, पण कळलं ते त्या थांबण्यात. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वॉचमनला वाटलं, उजेड लागला. त्याने घाईघाईने बॅटरी बाजूला केली, आणि नट पुन्हा अंधारात गेला.

काम उरकून मिस्त्री खाली आले. 'आजही काही नव्हतं' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांनी खरं ते सांगितलं.

मॅनेजरने हाताची घडी सोडली. "चार वेळा काही नसताना आलात, तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढलं," तो म्हणाला. "आज खरंच राहिलं होतं, आणि तुम्हीच फोन केलात. काम तुमचंच राहू दे. पण यापुढे इथे एकटं यायचं नाही. जोडीदार आणा."

सव्वा वर्षात हे ज्याने ज्याने सुचवलं, त्याला मिस्त्रींनी उडवून लावलं होतं.

"आणतो," ते म्हणाले.

दुपारी घरी येऊन ते आडवे झाले, आणि कूसही न बदलता झोपले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचं मनगट मिस्त्रींच्या मुठीत होतं.

"दुखलं का?" मिस्त्रींनी ओशाळून विचारलं.

"नाही. आज पिळलंच नाहीत. तासभर नुसतं धरून होतात. जराही हलला नाहीत."

मिस्त्रींनी आपल्या मुठीकडे पाहिलं.

"आज पाना दादाकडे होता," ते म्हणाले. "बॅटरी मी धरली होती."