मला कुणी उचलायचं नाही

मी मांजर बोलतेय. कुणी चुचकारलं म्हणून नाही, माझी मर्जी झाली म्हणून. तेव्हा मध्ये बोलायचं नाही आणि ऐकता ऐकता हात पुढे करायचा नाही.

माझा जन्म व्हाइटफील्ड या आयटी कंपन्यांच्या उपनगरातल्या एका सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये झाला. कव्हर घातलेली एक गाडी कैक महिने कुणी हलवली नव्हती, तिच्याखाली. आईनं आम्हाला एकच शिकवलं, वरून हात आला की पळायचं. भावंडं एकेक करून कुठे गेली कळलं नाही. मला पळायला जरा उशीर झाला आणि वरच्या मजल्यावरच्या प्रियदर्शनीनं मला खोक्यात घालून घरी नेलं.

पोटभर खायला मिळायचं, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्यांनी माझं नाव ठेवलं लाडू. मी काय लाडू आहे? प्रियदर्शनीची ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर सुरू झाली की ती मला काखेत धरून सगळ्यांना दाखवायची. तिचा नवरा सुरज मला झोपेतून उलटी करून पोटाला गुदगुल्या करायचा. मी कान पाडायची, शेपटी आपटायची, गुरगुरायची. आमच्यात याला स्वच्छ भाषेत 'नको' म्हणतात. ही माणसं हसायची, किती गोड चिडते म्हणायची. मग मी नख्या काढायची, की लगेच मी माणूसघाणी. वा रे वा!

म्हणून मी कपाटाच्या माथ्यावर राहायला लागले. खाली यायचं ते फक्त ताटलीपुरतं.

अशात सुरजची आई आली, ठकुबाई. मूळची निपाणीकडची. सगळा जन्म शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत गेला, छोट्या छोट्या कारखान्यांत प्रेस मशीनवर पत्र्याचे वॉशर पाडण्यात. गुडघे गेल्यावर मुलानं तिला इकडे आणलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं तसल्याच एका मशीननं नेलेली.

ती आली, खुर्चीत बसली आणि अवऱ्याच्या, म्हणजे इकडच्या वालाच्या, शेंगा सोलायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला राग आला, खरं सांगते. या घरात मला न बघणारी ही कोण लागून गेली? मी कपाटावरून उतरले आणि जरा लांब, पण तिला दिसेन अशी बसले.

तिनं हात पुढे केला. मी पळायच्या बेतात होते, तेवढ्यात तो हात मध्येच थांबला. जमिनीजवळ, उघडा, हलेचना. मी शेपटी आपटली. हात मागे गेला आणि ठकुबाई पुन्हा शेंगा सोलायला लागली. रुसली नाही, हसली नाही, मला नावं ठेवली नाहीत.

माझा विश्वास बसेना. माझं 'नको' पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

मग रोज तेच. हात यायचा, थांबायचा, मी नको म्हटलं की जायचा. एकदा प्रियदर्शनीनं विचारलं, तेव्हा ठकुबाईनं सांगितलं की बोटं गेल्यापासून तिचा हात कुठेही असाच जातो. आधी पुढे, मग थांबायचं, समोरचं काय करतंय बघायचं, मगच पुढचं. दाराच्या कडीलासुद्धा ती असाच हात लावते.

एका दुपारी हात थांबला आणि मी उठून त्याच्याकडे गेले. गेलेल्या बोटांच्या जागी तिच्या पंजात जी खाच आहे, तिच्यात माझं डोकं नीट बसलं. ती म्हणाली, "ये की बाई." लाडू नाही, बाई. मी अशी घुरघुरले की मलाच लाज वाटली.

घरात चर्चा सुरू झाली. सुरज म्हणाला, आई चोरून मासे देत असणार. प्रियदर्शनी म्हणाली, म्हाताऱ्या माणसांची मांडी उबदार असते. एकानंही मला विचारलं नाही.

मग प्रियदर्शनीचा भाऊ अभिमन्यू इंदिरानगरहून जेवायला आला. त्याला माझ्याबरोबर फोटो पाहिजे होता. मी कान पाडले, शेपटी आपटली, फिस्कारले. त्यानं उचललंच. मी त्याचं मनगट फाडलं. पुन्हा उचललं तर पुन्हा फाडीन.

त्याला इंजेक्शनं घ्यावी लागली आणि माझा निकाल लागला. पीण्यात सुरजच्या मित्राची शेड आहे, प्रेस मशीनची. तिथे सोडू, उंदीर धरील, मजेत राहील, असं ठरलं. मजेत म्हणे! ते ऐकताना ठकुबाईचा हात माझ्या पाठीवर होता. तो तिथेच थांबला.

रविवारी सुरजनं जाळीची पेटी आणली. मी ठकुबाईच्या खुर्चीखाली. तो वाकला, तशा मी नख्या दाखवल्या. तो मागे सरला आणि म्हणाला, "आई, ती तुझ्याकडेच येते. तूच धर आणि ठेव आत."

ठकुबाईनं हात खाली केला. नेहमीसारखा, उघडा, मध्येच थांबलेला. आणि मी मूर्ख, नेहमीसारखी गेले. डोकं त्या खाचेत घातलं. तिनं मूठ वळली असती तर माझा खेळ खलास होता.

तिनं मूठ वळली नाही.

"सुरज, माझी बोटं गेली तवा मालकानं मशीन बाहेर काढली न्हाई," ती म्हणाली. "मला काढलं. म्हणाला, बघून हात घालायचा हुतास. मी ऐकून घेतलं. मग अभिमन्यूला का कोण असं म्हणत न्हाई? मशीन सांगून चावत न्हाई. हिनं तर आधी सांगितलं हुतं."

सुरजनं पेटी खाली ठेवली.

"हिला नेणार असशील तर मला बी ने. पीण्याचा रस्ता माझ्या पायाखालचा हाय. पण ह्या हातानं मी कुणाला धरून देणार न्हाई."

सुरज बराच वेळ आईच्या हाताकडे बघत उभा राहिला. त्या हाताकडे त्यानं इतकं नीट कधी बघितलं होतं की नाही, देव जाणे. मग "सरी," म्हणजे इकडच्या कन्नडात 'बरं', एवढंच म्हणाला आणि पेटी बाल्कनीत ठेवून आला. आता तिच्यात कांदे असतात.

अजून मी इथेच आहे. दुपारी ठकुबाईच्या मांडीवर झोपते, ते माझ्या मर्जीनं. सुरजही हल्ली हात पुढे करून थांबतो. मी अजून गेले नाही. बघू, त्याला किती दम निघतो.

तुम्हीही कधी आलात, तर हात करा पुढे. मग थांबा. मी शेपटी आपटली तर मुकाट्यानं हात मागे घ्या आणि आपल्या शेंगा सोला. माया करायला मला येते. पण आधी माझं 'नको' ऐका. नाहीतर नख्या आहेतच, रोज धार लावते.