पाटलीची रेघ

मी धरणगावच्या रुपचंद सोनारांची कसोटी बोलतेय. तळहाताएवढा काळा दगड. सोनं खरं की खोटं ते सांगणं माझं काम. गोड बोलणं मला जमत नाही.

त्यांचा मुलगा योगराज माझ्यावरच सोनं शिकला. शाळेतून आला की दप्तर फेकायचा, मला मांडीवर घ्यायचा, सोन्याची रेघ ओढून वर तेजाबाचा थेंब टाकायचा. कस कमी असला की रेघ उडते. पुढेपुढे तर नुसती रेघ बघून तो कॅरेट सांगायचा.

मग त्याने धातूंचं मोठं शिक्षण घेतलं आणि तो आफ्रिकेतल्या घानात सोन्याच्या खाणीवर लागला. बारा वर्षं झाली. फोनवर सारखं त्या खाणीतल्या गिरणीचं कौतुक. घराएवढी गिरणी म्हणे, टनभर दगड दळते तेव्हा दोन ग्रॅम सोनं निघतं. दगडाचंच कौतुक करायचं होतं तर मी काय मेले होते? त्या भवानीच्या नावाने माझा जळफळाट व्हायचा. इकडे दुकानात कस तपासायचं यंत्र आलं आणि मी घरच्या कपाटात पडले.

यंदा दिवाळीला तो आला. आईसाठी, म्हणजे बेबाबाईंसाठी, वाटेत कुठल्याशा परक्या बाजारातून पाटल्या आणल्या.

"माय, बावीस कॅरेटना शेतस. शिक्का देख."

या घरात आलेलं सोनं माझ्यावर घासल्याशिवाय अंगावर चढत नाही. रुपचंदांनी मला बाहेर काढलं. बेबाबाई कडाडल्या, "पोऱ्यानं आणेल सोनं घासतस? लाज वाटू द्या जराशी."

"हातले सवय शे. तुना बापनं आणेल बी घासेल व्हतं."

"आनि कस कमी निंघना ते बठ्ठा गावले सांगेल बी व्हतं."

थेंब पडला. रेघ निम्मी उडाली. अठरासुद्धा नसेल. खरं सांगते, मला आनंद झाला. डोंगर दळणारा गडी दुकानदारापुढे फसला. विसरा आणखी मला.

रुपचंदांनी तेजाबासकट ती रेघ अंगठ्याने पुसून टाकली.

"बावीसना शेतस. घाल."

चाळीस वर्षांत त्या माणसाने माझ्यासमोर खोटं सांगितलं नव्हतं.

योगराज बघत होता. माझी रेघ त्याला कळणार नाही होय? कान लाल झाले त्याचे. बाप त्याच्याकडे बघेना, तो बापाकडे. बेबाबाई मात्र पाटल्या घालून शेजारच्या मोहिनीला दाखवायला गेल्यासुद्धा.

जायच्या सकाळी त्याने मला मांडीवर घेतलं, तेलाने पुसलं. घासलं काहीच नाही. बारा वर्षं मी याचीच वाट बघत होते, आणि आता मलाच मान वर करवेना.

पाटल्या बेबाबाईंच्या हातात आहेत. भाकरी थापतानाही काढत नाहीत. पुढे कधी कुणी त्या पारखायला घेतल्या, तर एवढं ऐका, मला हात लावू नका. खोटं मला येत नाही, आणि त्या माउलीच्या देखत मला खरं बोलायचं नाही.