कात्री न लावता

मुकादमीण गाठोडं घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी जावा अंगणात गोधडी पसरून बसलो होतो. चार कोपऱ्यांवर चार दगड, मधे जुन्या पडद्यांचे थर, आणि वारा असा की एक टोक दाबावं तर दुसरं उडायचं. माझी थोरली जाऊ गावातली गोधडीवाली. लोक घरातली विटलेली चादर, फाटका शर्ट, जीर्ण शाल तिच्यापुढे आणून टाकायचे आणि ती त्यातून असं काही काढायची की आणणाऱ्यालाही आपलं कापड ओळखू येऊ नये. मी तिच्या हाताखाली. सुया ओवणं, उसवणं, बटणं काढणं ही माझी कामं. तिची बोलणी खाणं हे वरकड.

मुकादमिणीनं गाठोडं खाली ठेवलं, पण गाठ सोडली नाही. हात गाठीवरच.

"याची गोधडी करायचीय, वहिनी. पण कात्री लावायची नाही."

जाऊ हसली. "मग काय दातानं फाडू?"

"फाडायचंही नाही. आहे तसं आत घालायचं. अख्खं."

"अगं, अख्ख्या कापडाची गोधडी होते होय? कॉलरी येतात, बाह्या येतात, सगळा गोळा होऊन बसतो. अंगाला टोचेल."

"टोचू दे."

तिनं गाठ सोडली. आत शर्ट होते, पोरवयातल्या अंगाचे. एक निळ्या चौकड्यांचा, एक मातकट, दोन पांढरे, पिवळे पडलेले. धुऊन, घडी घालून, घडीवर घडी बसून तिथंच विरत आलेले. पेटीतल्या बंद हवेचा वास आला आणि जाऊचं हसू गेलं. कुणाचे ते विचारायची गरज नव्हती. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मुकादमाचा एकुलता एक मुलगा. बारा-तेरा वर्षांपूर्वी मळणीच्या दिवसांत यंत्राचा पट्टा तुटला. पोराच्या हलगर्जीपणानं तुटला असं मुकादम म्हणायचा. त्यानं सगळ्या टोळीसमोर पोराला मारायला हात उचलला, आणि पोरानं बापाचं मनगट धरलं. धरलं, एवढंच. मग सोडलं, अंगावरचा भुसा झटकला आणि रस्त्यानं चालायला लागला. लोकांना वाटलं, संध्याकाळी येईल. तो आलाच नाही. कुणी म्हणालं वीटभट्टीवर दिसला, कुणी म्हणालं ट्रकवर. कुणी त्याहून वाईट काहीतरी म्हणालं, ते मुकादमिणीच्या कानावर जाणार नाही एवढी काळजी सगळ्यांनी घेतली.

मुकादमानं त्याचं नाव घरात बंद केलं. बाहेर मात्र तो प्रसंग रंगवून सांगायचा. "वाढलेला बैल होता. बापावर चाल करून आला. असला मुलगा काय जाळायचाय?" सांगताना स्वतःचं मनगट दाखवायचा. ऐकता ऐकता आमच्याही डोळ्यांपुढे तो मुलगा दरवर्षी थोडा उंच, थोडा रुंद होत गेला.

"आता का गं?" जाऊनं हळूच विचारलं. "इतकी वर्षं जपलंस."

"पेटीत कसर लागलीय. चाळण होऊन जाण्यापेक्षा अंगाशी राहू देत. पण कापू नका, वहिनी. उद्या आला तर घालायला..." तिचं तिलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला बसलो. खाली विटकी चादर अंथरली, तिच्यावर शर्ट मांडले, एकावर एक, बाह्या पसरून. वर जुनं करडं कापड घातलं. जाऊ नेहमी गोधडीच्या मधोमध बसून कडेपर्यंत टाके घालत यायची. आज ती कडेलाच बसली. वरच्या कापडातून खांदे कळत होते, हात कळत होते. कुणीतरी पालथं निजलं आहे आणि आपण त्याच्यावर पांघरूण घातलं आहे, असं दिसत होतं.

"बसा की मधे," मी म्हणाले.

"तू बस."

मीही बसले नाही.

तिनं कडेकडेनं धावदोरा घातला. शर्टांची पाठ चार टाक्यांनी धरली, पण बाह्यांपाशी आली की सुई वळवायची आणि वळसा घालून पुढे जायची. "हातावरून सुई कशी चालवू?" एवढंच म्हणाली. त्यामुळे त्या बाह्या आत तशाच मोकळ्या राहिल्या. बटणं मी काढायला घेतली होती, पण मुकादमिणीचा निरोप आला की गळ्याचं एक राहू द्या. ते राहिलं.

गोधडी गेली आणि थंडी आली. त्या वर्षी थंडी अशी होती की सकाळी बादलीत हात घालवत नसे. मुकादमिणीनं गोधडी स्वतःसाठी केली होती. आल्या दिवशी तिनं ती आपल्या अंथरुणावर टाकली, आणि मुकादमानं उचलून आपल्यावर घेतली. जाड दिसली म्हणून. ती काय बोलणार? ज्याचं नाव घ्यायला बंदी, त्याचे शर्ट आहेत हे कोणत्या तोंडानं सांगणार? ती दुपारी आमच्याकडे येऊन नुसती बसली.

"सांगून टाक," जाऊ म्हणाली.

"जाळून टाकतील."

म्हणून आम्ही तिघी गप्प राहिलो.

काही दिवसांनी मुकादमच आला. उभाच राहिला. आमच्या अंगणात तो कधी आवाज न चढवता बोललेला मला आठवत नाही. त्या दिवशी घसा बसल्यासारखा बोलला.

"वहिनी, त्या गोधडीत भरलंय काय?"

जाऊनं सुईवरची नजर काढली नाही. "जुनी कापडं. दुसरं काय असतं?"

"कुणाची?"

"घरातलीच असतील. तुमच्या मालकिणीनं दिलेली."

तो डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होता. "पहाटे काहीतरी मनगटाला धरतं," तो म्हणाला. "जोरानं नाही. पोर रस्ता ओलांडताना धरतं ना, तसं. आणि इथं," त्यानं छातीवर बोट ठेवलं, "इथं काहीतरी टोचतं. उठून बघतो तर काही नाही."

"मग घेऊ नका ती. दुसरी घ्या."

"दुसरीत झोप लागत नाही," मुकादम म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच त्या बोलण्याचा राग आल्यासारखा निघून गेला.

त्याच्या टोळीतली माणसंही कुजबुजायला लागली. दिवसभर ओरडणारा माणूस आता बांधावर उभा राहायचा आणि काम चुकलं तरी बघत राहायचा. एकदा त्यानं ती गोधडी रानात राखणीला असलेल्या गड्याला दिली. गड्यानं दोन दिवसांनी घडी घालून परत आणली.

"का रे? थंडी संपली?" मुकादमानं विचारलं.

"ऊब चांगली आहे, मालक. पण एकटं झोपल्यासारखं वाटत नाही."

बाकीचे हसले. मुकादम हसला नाही. गोधडी काखेत मारून घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "ही धू. असेल ते निघून जाऊ दे."

ओली गोधडी एकटीच्यानं उचलत नाही. मेलेल्या जनावरासारखी जड होते. म्हणून मुकादमिणीनं आम्हाला हाक मारली. तिघींनी मिळून ती दगडावर आपटली, पिळता येईल तेवढी पिळली आणि घरामागच्या तारेवर टाकली. तार खाली वाकली, तेव्हा मधे काठीचा टेकू दिला. काळं पाणी ठिबकत होतं. दिवस कलायला लागला होता, ऊन पलीकडच्या शेतावरून आडवं येत होतं. आम्ही हात पुसत मागे सरलो आणि जाऊनं माझा दंड धरला.

ऊन मागून आलं होतं. ओलं कापड पातळ दिसत होतं, आणि त्यात ते शर्ट उमटले होते. एकावर एक चार, म्हणून गडद. खांदे, पोट, दोन्हीकडे पसरलेले हात. वाऱ्यानं गोधडी हलली की तेही हलायचे. डोकं नव्हतं, पाय नव्हते. तरी ते काय आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"काढा," मुकादमीण म्हणाली. "लवकर काढा, ते यायच्या आत."

पण तो आला होता. खुरपं घेऊन रानातून आला तो तसाच कोपऱ्यावर थांबला होता. किती वेळ बघत होता कोण जाणे. आम्हाला वाटलं, आता हा बायकोला मारतो, नाहीतर आम्हाला. मी दोन पावलं मागे झाले. तो सरळ तारेपाशी गेला, खुरप्याचं टोक गोधडीच्या कडेला घातलं आणि टाके उसवत गेला. फाडलं नाही त्यानं. एकेक टाका तोडत गेला. आत हात घातला आणि निळ्या चौकड्यांचा शर्ट ओढून काढला.

शर्ट दोन्ही हातांत धरून उभा राहिला. पाणी त्याच्या पायांवर गळत होतं.

मग त्यानं तो आपल्या छातीला लावून पाहिला. खांद्याची शिवण त्याच्या गळ्याजवळच संपत होती. बाही कोपराच्या जरा खाली. त्यानं बाही ताणून पाहिली, जणू आटली असेल. मातकट शर्ट काढला. तोही तेवढाच. पांढरे काढले. ते तर आणखी लहान.

"हे कुणाचे?" त्यानं विचारलं. त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"त्याचे," मुकादमीण म्हणाली. इतक्या वर्षांत नवऱ्यासमोर तिनं त्याचा पहिल्यांदा उल्लेख केला असेल.

"हे आधीचे असतील. लहानपणीचे."

"चौकड्यांचा त्याच महिन्यात घेतला होता. जरा मोठाच घ्या, वाढतं अंग आहे, असं दुकानदाराला तुम्हीच म्हणाला होता."

मुकादमानं शर्टाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत शर्टाकडे पाहिलं. "एवढासाच होता का गं?"

तिनं मान डोलावली.

"माझ्या डोळ्यांपुढे तर... मला वाटलं, माझ्याएवढा होता. अंगावर आला म्हणून मी..." तो चिखलातच खाली बसला. शर्ट मांडीवर घेतला, बाहीचं तोंड दोन बोटांत धरलं आणि किती मापाचं आहे ते बघत राहिला. "या हाताला भ्यालो होय मी?"

जाऊ रडत होती. मला रडू आलं नाही. मुकादमीण नवऱ्याजवळ गेली नाही. तिनं एकेक शर्ट उचलून झटकला आणि तारेवर वेगवेगळा वाळत घातला, कुणाच्याही घरी घालतात तसा. मग म्हणाली, "त्याला चौदावं चालू होतं. नाव बंद करायच्या आधी मी तुम्हाला रोज सांगत होते. तुमच्या मोठ्या आवाजात ऐकू जात नव्हतं."

जाऊनं मागाहून विचारलं, "परत आत घालून शिवून देऊ का?"

"नको, वहिनी. आता कोंडायचं नाही." मग त्या पोकळ गोधडीत आम्ही आमच्या घरातले पडदे भरले. मुकादम तीच पांघरतो. झोप लागते का ते कुणी विचारलं नाही.

पेरण्या आटोपल्यावर मुकादमानं टोळी दुसऱ्याच्या हाती दिली आणि नवरा-बायको शोधायला बाहेर पडायला लागले. इतक्या वर्षांनी. कुठली वीटभट्टी, कुठला ट्रकचा अड्डा, कुठली खडीमशीन, जिथं कुणी काही ऐकलं असेल तिथं. मधल्या काळात भट्ट्या बंद पडल्या, मालक बदलले, रस्तेही बदलले. तरी दर बाजाराच्या दिवशी दोघं बसमध्ये असतात. आम्ही जावा गोधड्या विकायला त्याच बसनं जातो, म्हणून एकदा मी ते पाहिलं.

रस्त्यालगत एक भट्टी होती. बस पंक्चर झाली तेव्हा दोघं उतरून तिकडे गेले, मीही पाय मोकळे करायला मागोमाग गेले. भट्टीवरचा माणूस विटा मोजून घेत होता. मुकादमानं हात जोडले. एरवी त्यानं कुणाला हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

"आमचा मुलगा हरवलाय. इकडे कामाला होता म्हणतात."

"कसा आहे दिसायला?"

"एवढा," मुकादम म्हणाला, आणि त्यानं तळवा आपल्या छातीशी धरला. "बारीक आहे. कॉलरीचं बटण कायम लावलेलं असतं."

मुकादमीण शेजारी उभी होती. तिनं आपला हात वर केला, स्वतःच्या डोक्याच्याही वर, पोचेल तितका. "एवढा असेल," ती म्हणाली. "आता सव्वीस-सत्तावीसचा. दाढीही असेल."

त्या माणसानं एकदा याच्या हाताकडे पाहिलं, एकदा तिच्या. त्याला कामाची घाई होती, पण माणूस वाईट नव्हता.

"मुलं दोन हरवलीत का?"

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. त्याचा हात वर जाईना आणि तिचा खाली येईना.

"एकच," शेवटी मुकादम म्हणाला. "पण दोन्ही बघा."