स्वतःचं मत

"आत काही नाही, दोघांनीही बघून घ्या," असं म्हणत नगरपालिकेच्या सचिवबाईंनी रिकामा खोका उलटा करून दाखवला. खोका कागदी रुमालांचा होता, वरून हिरवा कागद चिकटवलेला.

ग्लेन मॅकॅडमनं त्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "माझी वीस वर्षं या खोक्यात घालताय म्हणा की!"

सभागृहात हशा पिकला. व्हर्ना सावचुक मात्र हसली नाही.

तिसऱ्या प्रभागात वीस वर्षं नगरसेवक असलेल्या ग्लेनला आणि व्हर्नाला अगदी सारखी मतं पडली होती. फेरमोजणी झाली, तरी तेच. मग कायद्याप्रमाणं चिठ्ठी काढायची ठरली. एवढं मोठं गाव, आणि त्याचा एक नगरसेवक चिठ्ठीवर निवडायचा! पण दुसरा उपाय तरी काय होता?

व्हर्ना काही पुढारी नव्हे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुण्यात तिचा जन्म गेला. ती उभी राहिली ती एका पुलासाठी. रेल्वेच्या यार्डावरून जाणारा लोखंडी पादचारी पूल गंजला, म्हणून नगरपालिकेनं उन्हाळ्यात कुंपण घालून तो बंद केला. पाडायला पैसे होते, दुरुस्तीला नव्हते, आणि हा ठराव ग्लेनचाच. यार्डाच्या उत्तरेला राहणाऱ्यांना इस्पितळ, दुकानं, सगळं दक्षिणेला. रुळांखालच्या बोगद्याकडून पाऊण तासाचा वळसा कोण घालणार? लोक थांबलेल्या मालगाडीच्या डब्यांमधून चढून पलीकडे जायला लागले. व्हर्नाची शेजारीण लोरेटा तशीच घसरली आणि घोट्याला प्लॅस्टर घालून बसली. तेव्हा व्हर्ना नगरपालिकेत जाऊन म्हणाली, "कुणाचं तरी मढं पडल्यावरच जागे होणार का तुम्ही?" आणि त्याच दुपारी तिनं उमेदवारीचा अर्ज भरला.

इथवर सगळं ठीक होतं. पण मतदानाच्या दिवशी व्हर्ना पुठ्ठ्याच्या आडोशामागे पेन्सिल घेऊन उभी राहिली आणि तिचा हातच चालेना. स्वतःच्याच नावापुढे फुली मारायची? तिच्या आईनं आयुष्यात कधी स्वतःच्या हातच्या पेरोगींना, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या त्या करंज्यांना, बरं म्हटलं नव्हतं. कॉन्व्हेंटच्या शाळेत वर्गप्रमुख निवडताना जोगीणबाईंनी बजावलं होतं, जी मुलगी स्वतःला मत देते ती त्या लायकीचीच नसते. कागद कोरा टाकावा, तर मत वाया घालवणं म्हणजे ताटात अन्न टाकण्यासारखं. आणि ग्लेन काही वाईट माणूस नव्हता. तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली, तेव्हा हाच ग्लेन हत्यारांची पेटी घेऊन आला होता आणि गुडघ्यांवर बसून त्यानं ती चालू करून दिली होती.

व्हर्नानं ग्लेनच्या नावापुढे फुली मारली. बाहेर पडताना तिला वर बरंही वाटलं.

आता या बाईला काय म्हणावं! पण त्या गावात माणसं अशीच. दुसऱ्यानं पाय तुडवला तरी माफी हीच मागणार. तिनं स्वतःला मत दिलं असतं तर ती दोन मतांनी निवडून आली असती. कागद कोरा टाकला असता, तरी एका मतानं.

निकाल लागला तसा उत्तरेच्या वस्तीत कमी पडलेल्या एका मताचा शोध सुरू झाला. सापडला लोरेटाचा जावई डेल. मतदानाच्या दिवशी हा पठ्ठ्या जंगलात मूसच्या, त्या थोराड सांबरासारख्या जनावराच्या, शिकारीला गेला होता.

"मूस मारायला गेला होता मेला!" लोरेटा ज्याला त्याला सांगायची. "आणि घेऊन काय आला? सर्दी!"

डेलशी कॉफीच्या दुकानात कुणी धड बोलेना. पहिला बर्फ पडला तेव्हा तो न सांगता येऊन व्हर्नाचं अंगण साफ करून गेला. "माझ्यामुळं गेलं सगळं, व्हर्ना," तो खाली मान घालून म्हणाला. खरं काय ते तिच्या जिभेवर आलं होतं, पण बोलवेना. "असू दे रे," एवढंच म्हणून तिनं त्याला पेरोगींचा डबा दिला. त्या रात्री तिला स्वतःची मनस्वी किळस आली.

सचिवबाईंनी दोन चिठ्ठ्या खोक्यात टाकल्या, खोका हलवला, तोंड फिरवून आत हात घातला.

"ग्लेन मॅकॅडम."

टाळ्या झाल्या. मागून लोरेटाचा आवाज आला, "झालं समाधान, डेल? खा आता मूस!"

डेलनं टोपी डोळ्यांवर ओढली. व्हर्ना उठली आणि ध्वनिक्षेपकापुढे गेली. दोन गोड शब्द बोलायचे, एवढीच रीत होती.

"ग्लेन, अभिनंदन," ती म्हणाली. "आणि लोरेटा, डेलला आता एक शब्द बोलू नकोस. ते मत त्याच्यामुळं नाही गेलं. माझ्यामुळं गेलं. मी माझं मत ग्लेनला दिलं."

"काय?" लोरेटा ओरडली.

"स्वतःला द्यायची लाज वाटली."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. लोरेटा कुबडीवर भार देऊन उभी राहिली. "अगं, हा पाय घेऊन दारोदार फिरले मी तुझ्यासाठी! आणि तुला लाज वाटली?"

"वाटली. चुकलं माझं, लोरेटा. आजपासून नाही वाटणार."

लोरेटा डेलचा दंड धरून निघून गेली. व्हर्नाला रडू कोसळेलसं वाटत होतं, पण ती सभागृह रिकामं होईपर्यंत तिथंच ताठ उभी राहिली. ज्याला काही बोलायचं असेल त्यानं तोंडावर बोलावं, पळून जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

बाहेर ग्लेन तिची वाट बघत होता. "त्या भट्टीसाठी दिलंस का गं मत?"

"त्यासाठीही."

"अगं, कुणीही केलं असतं तेवढं. चल, गाडीनं सोडतो तुला. गारठा बघ किती आहे."

एरवी व्हर्ना म्हणाली असती, नको, तुला कशाला त्रास. आज म्हणाली, "गाडीनं नको. चालत सोड."

यार्डाशी पोचेपर्यंत ग्लेनला धाप लागली. पुलाच्या पायऱ्यांपुढे कुंपण होतं आणि रुळांवर मालगाडी उभी होती, दोन्हीकडे टोक दिसत नव्हतं.

"पैसे नाहीत, व्हर्ना," ग्लेन म्हणाला. "पण करीन काहीतरी विचार."

"वीस वर्षं विचारच करतोयस तू."

असं म्हणून ती दोन डब्यांच्या मधल्या शिडीवर चढली. ठेवणीतला कोट वंगणाला घासला.

"वेडी आहेस का? उतर खाली!" ग्लेन ओरडला.

ती उतरली, पण पलीकडे. डब्यांमधल्या फटीतून म्हणाली, "ये आता."

"माझा खुबा..."

"लोरेटाचा घोटा होता. ये, नाहीतर तुला येता येत नाही म्हणून सांग."

ग्लेननं शिडीच्या दांड्याला हात लावला. एक पाय उचलला. तेवढ्यात लांबून धाडधाड आवाज करत हिसका एकेका डब्यातून येत गेला, आणि गाडी हलली. ग्लेन मागे उडी मारायला गेला आणि बर्फात धपकन बसला.

गाडी जाता जाईना. डब्यांच्या फटींतून व्हर्नाला तो दिसत होता, आधी बसलेला, मग उभा, छातीवर हात दाबून धरलेला. ती जागची हलली नाही. शेवटचा डबा गेला, तेव्हा दोघांच्या मध्ये नुसते रूळ उरले.

ग्लेननं पँटवरचा बर्फ झटकला. "सोमवारी सभा आहे. बोलायला नाव दे तुझं."

"दिलंय," व्हर्ना म्हणाली. "सकाळीच. चिठ्ठी निघायच्या आधी."

ग्लेनची लोकरीची टोपी रुळांमध्ये पडली होती. एरवी व्हर्नानं ती धावत जाऊन उचलली असती, झटकली असती आणि त्याच्या हातात दिली असती. आज तिनं कोटाची वरची गुंडी लावली आणि ती घराकडे चालू लागली.